घर, गच्ची आणि हुरडा पार्टी: कमी बजेटमध्ये स्पीकर कसा निवडायचा

स्पीकर घ्यायचा म्हणलं की आपल्याकडं पहिला प्रश्न एकच, किती वॅटचा? सोलापुरात नवी पेठेत दुकानात गेलं तरी तेच, मोबाईलवर बघितलं तरी तेच, आणि घरात एखादा पुतण्या किंवा भाचा असेल तर त्यानं आधीच ठरवलेलं असतं की लाईट लुकलुकणारा ट्रॉलीवालाच पाहिजे. माझं मत जरा वेगळंय. खिशाला झेपेल एवढ्यात घरी पण आणि बाहेर पण नीट गाणी ऐकायची असतील तर वॅट नंतर बघा, आधी स्पीकर आणि माणसं यांच्यात अंतर किती राहणार ते बघा. एक मोठा धूड लांब ठेवण्यापेक्षा दोन बारके जवळ ठेवले तर पैसे पण वाचतात आणि बोलणं पण ऐकू येतं. का ते खाली गणितासकट सांगतो.

१. आधी जागा मोजा

टेप नसेल तर फरशा मोजा, दोन बाय दोनची फरशी असेल तर काम अजून सोपं. सगळ्यात लांबचा माणूस स्पीकरपासून किती फुटावर बसणार आणि तिथं प्लग आहे का, एवढं कागदावर लिहून ठेवा. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या साध्या टू बीएचकेचा हॉल धरला तर सोफा ते टीव्ही आठ-दहा फूट, म्हणजे साधारण तीन मीटरपर्यंत. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर जेवायला बसलं तर माणसं पंधरा-वीस फुटांत पसरतात. शेतात हुरड्याला गेलं तर आगटीभोवती मोठी माणसं, पोरं बांधावर, बायका झाडाखाली, आणि लाईटचा तर भरवसाच नाही, कधी दिवसा असते कधी रात्री.

या तिन्ही जागा वेगळ्याच समजायच्या. एकाच खोक्यानं तिन्हीकडं भागवायला गेलं की पैसे वाया जातात.

२. वॅटचा खेळ

खोक्यावर मोठ्या अक्षरात ३००० वॅट, ५००० वॅट पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली पॉवर) वगैरे लिहिलेलं असलं तर तिकडं बघूच नका, त्या आकड्याला काही अर्थ नसतो. आरएमएस किती ते शोधा, म्हणजे सतत वाजवलं तर किती पॉवर टिकते ते. तेही पटत नसेल तर सोपी युक्ती आहे, प्लगवर चालणाऱ्या स्पीकरचा किंवा अँपचा (स्पीकरला पॉवर देणाऱ्या डब्याचा) अडॅप्टर उलटा करून बघा. १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलं असेल तर झाले २४ वॅट. आत जाणारीच पॉवर २४ असेल तर बाहेर सतत १०० वॅट कुठून येणार? बॅटरीवाल्याला हे लागू नाही बरं का, त्याचा अडॅप्टर फक्त चार्जिंगपुरता असतो.

आता अंतराचं गणित. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलनं पडतो. आणि वॅट दुप्पट केले की वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! म्हणून ३० वॅटचा सोडून ६० वॅटचा घेतला तरी आवाज डबल होत नाही, उगीच थोडासा वाढल्यासारखा वाटतो.

समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७. गच्चीवर ४ मीटरवर बसलेल्याला तेच ७५ ऐकू येणार, कारण अंतर दोनदा दुप्पट झालं. त्याला चांगला दणका द्यायचा, ८५ धरा, तर १० वॅट लागतील. तोच माणूस ८ मीटरवर बसला तर ४० वॅट. १६ मीटरवर गेला तर १६० च्या आसपास. माणूस तोच, गाणं तेच, फक्त खुर्ची लांब सरकली. त्यापेक्षा दुसरा बारका स्पीकर त्याच्या जवळ नेऊन ठेवा की.

घरात एवढं होत नाही, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळं लांब पण बरा ऐकू येतो. म्हणून दुकानाच्या बारक्या खोलीत जो स्पीकर घर हलवतो तोच शेतात नेला की मेल्यासारखा वाजतो. त्यात स्पीकरची चूक काही नसते.

३. घरात काय घ्यावं

मुख्य काम टीव्ही असेल, म्हणजे मॅच, सिनेमे, सिरियली, तर साऊंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, सोयीचा. टीव्हीच्या मागं एचडीएमआयच्या भोकापाशी एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतनं बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय का बघा आणि बारला पण ते आहे का बघा. दोन्हीकडं असेल तर एकाच वायरीत काम होतं आणि टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमीजास्त करता येतो. नसेल तर ऑप्टिकल वायर. ब्लूटूथनं टीव्ही जोडू नका शक्यतो, ओठ आधी हलतात आणि आवाज मागनं येतो. एक बघा, फार स्वस्तातल्या साऊंडबारमध्ये लांबलचक डब्यात दोन बारके स्पीकर आणि बाकी पोकळी असते, टीव्हीपेक्षा बरा वाजतो पण सबवूफर (खालच्या जाड आवाजाचा, म्हणजे बासचा, वेगळा डबा, थोडक्यात सब) बरोबर नसेल तर बास विसरा.

मुख्य काम गाणी असेल तर माझा कौल अॅक्टिव्ह बुकशेल्फ जोडीला. अॅक्टिव्ह म्हणजे अँप आतच असतो, प्लगला लावा आणि वाजवा, वेगळा अँप नको. चार-पाच इंची वूफर (जाड आवाजाचा मोठा गोल स्पीकर) आणि वर ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा) असलेले दोन डबे, साधारण सात ते बारा हजारांत बरं काहीतरी मिळतं, सेलमध्ये अजून खाली येतं. एडिफायरसारख्या कंपन्या यात बऱ्याच वर्षांपासून आहेत. बजेट चार-पाच हजारच असेल तर एफ अँड डी, झेब्रॉनिक्स वगैरेंचे २.१ सेट आहेतच, दोन बारके आणि खाली एक सब. त्यात सबचा बास अर्ध्यावरच ठेवा, फुल केला की गायकाचा गळा बसल्यासारखा वाटतो. ५.१ च्या नादाला नवख्यानं लागू नये असं मला वाटतं, त्याच पैशात दोन चांगले मिळत असताना सहा हलके कशाला घ्यायचे.

ठेवायची पद्धत: दोन स्पीकर आणि तुम्ही असा त्रिकोण, तिन्ही बाजू साधारण सारख्या. ट्वीटर कानाच्या उंचीवर. सब कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो पण घुमतो पण, तेव्हा एकदा असं करा, सब उचलून तुम्ही बसता त्या जागी ठेवा, गाणं लावा आणि खोलीत खाली वाकून फिरा, जिथं बास स्वच्छ वाटेल तिथं सबची जागा. बघणारे हसतील, हसू द्या.

आणि आपल्या घरांचा खरा प्रॉब्लेम म्हणजे घुमणं. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना प्लास्टर आणि रंग, पडदे पातळ, आवाज नुसता इकडून तिकडं आपटत राहतो. नवीन स्पीकर घेऊन पण "काय बे, शब्दच कळंना" असं होतं ते यामुळं. यावर उपाय घरातच पडलेला असतो. स्पीकर आणि सोफ्याच्या मधल्या उघड्या फरशीवर जाड सतरंजी टाका, आणि सोफ्यामागच्या रिकाम्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर दुहेरी करून, ताणून नाही, चुण्या पाडून आणि भिंतीपासून दोन-चार इंच सोडून टांगा. छान डिझाईनची टांगली तर सजावट पण होते. चादरीनं फक्त वरचा चिरचिर करणारा आवाज मऊ होतो, बासचं घुमणं थांबत नाही, त्यासाठी सबची जागाच बदलायची. पण बोललेलं आणि गाण्यातले शब्द बऱ्यापैकी सुटे होतात आणि खर्च शून्य.

४. गच्ची आणि शेत

इथं बॅटरीवाला ब्लूटूथ स्पीकरच. बघायच्या गोष्टी तीन-चारच आहेत पण त्या नीट बघा.

पहिली म्हणजे आयपी रेटिंग. आयपी६७ लिहिलं असेल तर पहिला ६ धुळीचा, म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ पाण्याचा, एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपीएक्स७ असेल तर एक्सचा अर्थ धुळीची टेस्टच सांगितलेली नाही. आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे चालतील. आपल्याकडं पाऊस किती पडतो ते सगळ्यांना माहितीय, पण धूळ बारा महिने, काळ्या मातीची तर पार बटणाच्या फटीत जाऊन बसते. म्हणून आपल्याला त्यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा, लोकं मात्र वॉटरप्रूफ वॉटरप्रूफ करत बसतात.

दुसरी बॅटरी. खोक्यावर १२ तास असलं तर ते मध्यम आवाजावरचं असतं. हुरड्याला फुल आवाजात आणि लाईट चालू ठेवून वाजवलं की त्याच्या निम्मं पण निघेल याची खात्री नाही, म्हणून लाईट बंद करायची सोय आहे का ते बघा. स्वस्त ट्रॉली स्पीकरमध्ये अजून लेड अॅसिड बॅटरी येते, वजनाला जड, आणि उतरलेली तशीच महिनाभर ठेवली की खराब होते. घेताना विचारा, लिथियम आहे का लेड.

तिसरी गोष्ट आपल्या गावापुरती, ऊन. लिथियम बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मेमध्ये इथं नुसती हवाच ४३-४४ ला जाते, मग उन्हातल्या पत्र्यावर किंवा बंद गाडीच्या डिकीत काय होत असेल. दुपारी गच्चीवर चार्जिंगला लावायचा नाही, गाडीत विसरायचा नाही. संध्याकाळी पण तापलेल्या स्लॅबवर तसाच ठेवू नका, खाली पाट नाहीतर स्टूल घ्या.

चौथी जोडी. एकसारखे दोन स्पीकर एकमेकांना जोडता येतात का हे घेण्याआधीच विचारा, कारण सगळं सगळ्याला जोडत नाही. उदाहरण द्यायचं तर जेबीएलच्या आधीच्या मॉडेलमध्ये जोडायला पार्टीबूस्ट नावाची सोय होती, नवीनमध्ये ऑराकास्ट आलंय, आणि दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत, एकाच कंपनीचे असून. म्हणून आज एक घेतला आणि पुढच्या दिवाळीला दुसरा घेऊ असं ठरवलं असेल तर तेच मॉडेल तेव्हा मिळेल का याचा विचार करा. जमत असेल तर दोन्ही एकदमच घ्या, तीन-चार हजारवाले दोन. मी तरी आठ हजारांच्या एकापेक्षा चार हजारांचे दोन घेईन, निदान बाहेरच्या कामाला.

ठेवायचं कसं? उघड्यावर बास पळून जातो, त्याला अडवायला भिंत नसते. गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या भिंतीला किंवा कठड्याला पाठ लावून ठेवा, बास लगेच भरतो. तोंड पंगतीकडं, शेजाऱ्याच्या खिडकीकडं नको. जमिनीवर ठेवून माणसांच्या पायांना गाणी ऐकवू नका, स्टुलावर घ्या. शेतात भिंत नसते तेव्हा जीपला किंवा टेम्पोला टेकवा. दोन स्पीकर असतील तर एक आगटीपाशी, म्हणजे धग लागणार नाही एवढ्या लांब, आणि दुसरा जिकडं बाकीची मंडळी असतील तिकडं. आवाज दोन्हींचा मध्यम ठेवला की झालं, हुरडा, शेंगाचटणी आणि गप्पा सगळं एकदम चालू राहतं, कुणाला ओरडून दही मागावं लागत नाही.

ब्लूटूथची रेंज साधारण ३० फूट धरा, मध्ये माणसं आली तर अजून कमी कारण शरीरातलं पाणी ते सिग्नल खातं. स्लॅबमधून तर फार कमी जातं, खाली हॉलमध्ये फोन आणि वर गच्चीवर स्पीकर असं केलं की गाणं तुटणारच. फोन स्पीकरजवळ ठेवा आणि तो कुणाच्या खिशात देऊ नका, मधेच मामांचा फोन आला की सगळ्या शेताला ऐकू जातं.

५. जुने स्पीकर पडलेत का?

खूप घरात माळ्यावर जुन्या डेकचे किंवा होम थिएटरचे लाकडी डबे असतात. ते फेकू नका. दीड-दोन हजारांत ब्लूटूथवाला बारका क्लास डी (कमी वीज खाणारा) अँप येतो, त्याला जोडले की हॉलचं काम झालं. आधी डब्यामागं लिहिलेला ओहम (स्पीकर विजेला किती अडवतो तो आकडा) बघा, ४, ६ की ८, आणि अँपवर तेवढं चालतं असं लिहिलंय का ते बघा. वूफरच्या कडेचा फोम हाताला भुगा होत असेल तर तो बदलून घ्यावा लागेल, रबरवाले जास्त टिकतात. कोन, म्हणजे वूफरचा मधला हलणारा पडदा, बोटांनी हलकेच सगळीकडून सारखा दाबा, खरखर आली तर कॉईल घासतेय, तो सोडून द्या.

वायर फार महागाची नको पण तांब्याची घ्या. दहा मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची घरगुती वायर ८ ओहमच्या स्पीकरला भरपूर झाली, लाईट फिटिंगच्या दुकानात मिळते. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी लागली तर बास गायब होतो आणि आवाज डोक्यात कुठंतरी मधेच लटकल्यासारखा वाटतो. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथं टेकला तो स्पीकरचा प्लस.

६. दुकानात गेल्यावर

दुकानदार नेहमी तेच एक बासवालं गाणं लावतो, कारण त्यावर सगळेच स्पीकर भारी वाटतात. तुम्ही तुमचं गाणं घेऊन जा. एक जुनं, ज्यात गळा आणि तबला स्पष्ट असेल, एक नवीन ढोलताशाचं किंवा हलगीचं, आणि थोडं नुसतं बोललेलं, बातम्या पण चालतील. आधी हळू आवाजात ऐका, मग पाऊण आवाजात. पाऊणवर गळा फाटला किंवा डबा थरथरला तर सोडा. दोन मॉडेल तुलनेला असतील तर आवाज सारखा करून ऐका, कारण जो जरा मोठा वाजतो तो कानाला उगीच चांगला वाटतो. दुकानदाराला हे पक्कं माहिती असतं.

ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, पण परत करायची मुदत बघून घ्या आणि आल्या दिवशीच गच्चीवर नेऊन वाजवून बघा. खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक संस्थेचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की खरा का खोटा कळतं. बॅटरीवाल्या वस्तूला हे बघितलेलंच बरं. बिल पक्कं घ्या, त्याच्याशिवाय वॉरंटीला कोण विचारत नाही, आणि सर्व्हिस सेंटर सोलापुरातच आहे की पुण्याला पाठवावं लागतं ते घेण्याआधीच विचारून ठेवा.

७. माईक लागणार असेल तर

बारसं, हळदीकुंकू, गणपतीची आरती, घरातला कराओके. जाड पिनचं माईकचं भोक असलेला स्पीकर बघा, आणि माईकचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो का ते बघा. माईक धरणारा कायम स्पीकरच्या मागं उभा राहील असं ठेवा, समोर आला की शिट्टी वाजलीच. नुसती भाषणं आणि घोषणाच असतील तर आहुजासारख्यांचे पीएवाले (सभेत घोषणेला वापरतात तसले) बरे, पण भोंग्यावर गाणी वाजवू नका, त्याला बास नसतो.

८. शेजारी आणि दहाचं घड्याळ

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. रहिवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि आपल्या स्वतःच्या साऊंडचा आवाज आपल्या हद्दीपाशी त्याच्यापेक्षा ५ च वर जाऊ शकतो. म्हणजे दिवसा कठड्यापाशी ६०, साधारण दोन माणसं गप्पा मारतात तेवढा. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल तर तिथं अजून कमी. मोठा कार्यक्रम असेल तर लेखी परवानगी घ्यावी लागते. फोनवर डेसिबल मोजायचं फुकट अॅप मिळतं, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो, कठड्यापाशी उभं राहून एकदा बघून घ्या. आणि जवळ ठेवलेल्या दोन बारक्या स्पीकरचा फायदा इथं परत दिसतो, तुमच्या पंगतीत ७५ असताना शेजारच्या गच्चीवर बराच कमी पोचतो.

दहानंतर घरात वाजवायचं तर सबचा बास कमी करा आणि त्याच्याखाली जाड रबर नाहीतर फोम टाका, कारण बास स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो आणि खालच्या काकूंना गाणं कळत नाही, नुसती धपधप कळते.

९. पैसे कसे लावायचे

पाच हजार असतील तर घरातलं सोडा, पोर्टेबल एक नीट घ्या किंवा अडीच हजारांचे जोडता येणारे दोन. दहा हजार असतील तर सहा-सात घरच्या जोडीला आणि उरलेले बाहेरच्या एकाला. पंधरा ते वीस असतील तर घरी चांगली बुकशेल्फ जोडी आणि बाहेरचे दोन, यात सोलापुरातल्या बहुतेक घरांचं सगळं भागतं. मोठा बारा इंची ट्रॉली स्पीकर मी तेव्हाच घ्या म्हणेन जेव्हा पन्नास-साठ माणसांचे कार्यक्रम घरी वर्षातनं बऱ्याचदा होतात. एखाद्याच वेळचं असेल तर त्या दिवसापुरता भाड्यानं आणा, मंडपवाल्याकडं माणसासकट मिळतो.

आणि संक्रांतीच्या पुढं हुरड्याचा सीझन संपला की बाहेरचा स्पीकर कपाटात टाकताना फुल चार्ज करून नाही आणि पार उतरवून पण नाही, निम्म्यावर ठेवा, थंड जागी, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून परत निम्म्यावर आणा. जाळीतली माती आधी कोरड्या ब्रशनं काढा आणि चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट दाबून बसवा.